मदत हवी आहे: पेट स्कॅनसाठी स्वतःचा सायक्लोट्रॉन, ९ की १८ एमईव्ही?

मंडळी, नाशिकच्या एका ट्रस्ट रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग सांभाळतो. आमचं एफडीजी (पेट स्कॅनआधी टोचायचं, फ्लोरिन-१८ असलेलं किरणोत्सारी औषध) मुंबईहून गाडीने येतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे ३ तास ४० मिनिटांत पाव उरतं. कसारा घाटात ट्रक आडवा झाला की उपाशी बसलेले पेशंट परत पाठवायचे. (हे मधुमेही आजीबाईंना समजावून बघा एकदा!)

आता विश्वस्तांच्या हाती सायक्लोट्रॉन (प्रोटॉनना वेग देऊन असे किरणोत्सारी पदार्थ जागेवरच करणारं यंत्र) बनवणाऱ्या आयबीएची माहितीपत्रकं लागलीत. बेल्जियममधल्या लूव्हँ-ला-नव्हच्या विद्यापीठातून १९८६ मध्ये निघालेली ही कंपनी. त्यांचा 'सायक्लोन की' ९.२ एमईव्हीचा (हे प्रोटॉनच्या ऊर्जेचं माप), 'क्यूब' १८ चा. "छोटा घ्या, तळघरात बसेल," असं आमच्याकडे ठरत आलंय. मला मात्र १८ चा बरा वाटतो. ऑक्सिजन-१८ च्या पाण्यावर प्रोटॉन मारून फ्लोरिन दोन्हींत होतं, पण पुढेमागे प्रोस्टेटच्या स्कॅनसाठी झिंकपासून पुरेसं गॅलियम-६८ (तिथे वापरतात तो किरणोत्सारी पदार्थ) करायचं तर १२-१४ एमईव्ही तरी हवेत ना?

कुणी अशा ठिकाणी काम केलंय का? सेल्फ-शिल्डिंग (यंत्राभोवतीच बसवलेलं किरणं अडवणारं कवच) घेतलं तर बंकरच्या, म्हणजे यंत्राच्या खोलीच्या, जाड भिंतींवरचा खर्च खरंच वाचतो का? आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानग्यांना किती काळ धरायचा? विश्वस्तांसाठी टिपण मलाच लिहायचंय.

प्रतिसाद १:
दुसऱ्या राज्यातल्या सायक्लोट्रॉनवर रेडिओकेमिस्ट (किरणोत्सारी औषधं बनवणारा रसायनतज्ज्ञ) आहे. गॅलियमचं तुमचं बरोबर. पण तुमच्या प्रश्नात नुसतं यंत्रच दिसतंय. हॉट सेल (किरणोत्सारी माल हाताळायची शिशाची बंद कपाटं), सिंथेसिस मॉड्यूल (औषध बनवणारं स्वयंचलित यंत्र), क्यूसी लॅब (औषधाची गुणवत्ता तपासायची प्रयोगशाळा), हवेचं वेगळं नियोजन, आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) हे सगळं कुठंय? पहिला स्कॅन सकाळी ८ ला हवा तर आमची पाळी मध्यरात्रीनंतरच सुरू होते. अशी माणसं नाशकात मिळतील का ते आधी बघा. सेल्फ-शिल्डिंगने भिंती पातळ होतात, नाहीशा होत नाहीत. एईआरबीची संमती जागा, बांधकाम, चाचणी, मग चालवणं अशी टप्प्याटप्प्याने मिळते, तेव्हा तळघराचा नकाशा पक्का करण्याआधी जागेचंच विचारा.

एकट्या तुमच्या रुग्णालयासाठी १८ चा घेऊ नका. आसपासची तीन-चार पेट केंद्रं माल घ्यायला तयार असतील तरच. रोज पेशंट किती होतात तुमच्याकडे?

धागाकर्ता:
८ ते १०. शहरातल्या बाकीच्या केंद्रांना विचारलेलं नाही, उद्या फोन करतो. पाळीचं वाचून आमचे टेक्निशियन आत्ताच गप्प झालेत. क्यूसी लॅबला जागा साधारण किती लागते?