बॅटरी कोण धरायचं? घरातल्या फटफट्यांच्या आणि रेसच्या आठवणी

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधलं सामान आवरताना बिस्किटांचा एक चौकोनी डबा सापडला. आत पितळी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे बारीक भोकाचे तुकडे, पॉइंट घासायची बारीक कानस, दोऱ्यात ओवलेले वायसर आणि वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदात गुंडाळलेला एक पिस्टन. पिस्टनच्या डोक्याला बरोबर मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. कडा वितळून आत वळलेल्या, मेणबत्तीच्या असतात तशा.

हा पिस्टन मी लगेच ओळखला. १९७६ च्या फेब्रुवारीत बाबा आणि धाकटा काका जावा घेऊन शोलावरमला गेले होते, त्या गाडीचा तो. शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला असलेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे रेस भरवायचा. मद्रासजवळच्याच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये झाला, त्याआधी आपल्याकडे रेस म्हटलं की शोलावरमचंच नाव निघायचं. घरी, अंगणात, गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्या बनवून लोक लांबलांबून तिथे यायचे. आमची जावा पुणे स्टेशनवरून पार्सलने गेली. टाकी रिकामी केलेली, हँडलला आणि दिव्याला गोणपाट बांधलेलं. काका म्हणाला होता, नवरीसारखी पाठवतोय.

त्याआधीचे तीन महिने मी रोज रात्री शेडमध्ये बॅटरी धरायचो. नऊ वर्षांचा होतो. झोप आली की उजेड घसरायचा आणि बाबा फक्त "उजेड" एवढंच म्हणायचे. प्लग वाचायला त्यांनीच शिकवलं. फेरी मारून आल्यावर गाडी बंद करायची, प्लग काढायचा आणि टोक बघायचं. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरोबर. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक पडला असेल तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय.

बाबा मद्रासहून परत आले, पिस्टन डब्यात ठेवला आणि पुन्हा कधी रेसला गेले नाहीत. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

तुमच्या घरी कुणी गाडी बनवली असेल, पळवली असेल, नुसती खोलून पुन्हा जोडली असेल, तर लिहा. जिंकल्याच्याच आठवणी हव्यात असं अजिबात नाही. आणि बॅटरी कोण धरायचं, तेही सांगा.

कोल्हापूरहून

बॅटरी मी आणि माझी थोरली बहीण, आळीपाळीनं.

आमच्या आबांचं उद्यमनगरात एकच लेथ असलेलं दुकान होतं. दिवसभर पंपांचे शाफ्ट आणि बुश करायचे. संध्याकाळी सातनंतर शटर अर्धं खाली आणि आत चुलत्याची यामाहा आरएक्स शंभर. १९८५ साली ही गाडी आली तेव्हापासून कोल्हापुरातल्या पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि वजनाला इतकी हलकी की चुलता एकटा ती उचलून उंबऱ्यावर ठेवायचा.

हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवणं हे सगळेच करायचे. पोर्ट, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतली वायू ये-जा करायची भोकं, कानशीनं मोठे करणंही बरेच जण करायचे, आणि निम्मे लोक त्यातच सिलेंडर वाया घालवायचे. आबांचा जीव खरा होता तो सायलेन्सरमध्ये. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर बाहेर टाकायची नळी नव्हे. जळालेला वायू सुटला की त्याच्याबरोबर दाबाची लाट पळते. नळी पुढं रुंद होत गेली तर ती लाट मागं ओढ देते आणि सिलेंडर स्वच्छ होतो. मग नळी पुन्हा निमुळती झाली की लाट आपटून माघारी येते आणि बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत ढकलते. हे सगळं ठराविक आरपीएमलाच जमून येतं. लांबी बोटभर चुकली तरी ताकद भलत्याच ठिकाणी येते.

आबा सातवी शिकलेले. पण शंकूचा पत्रा सपाट कसा कापायचा हे त्यांना बरोबर यायचं. जमिनीवर खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू. एक कमान मोठी, एक लहान. आधी पुठ्ठ्यावर. बहिणीच्या लग्नाच्या साड्यांचे खोके आईनं जपून ठेवले होते, ते सगळे त्यात गेले. पुठ्ठ्याचे शंकू डिंकानं चिकटवून गाडीखाली धरून बघायचे, फूटरेस्टला लागतंय का, वळणावर जमिनीला घासेल का. मग एक मिलीमीटरचा पत्रा, पाईपवर ठोकून गोल करायचा आणि शेजारच्या दुकानात गॅस वेल्डिंग. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी लागायची नाही, पण आम्ही तिथंच. "लेका, डोळं मिट," असं आबा दर दोन मिनिटांनी ओरडायचे.

असे पाच सायलेन्सर झाले. चौथ्यापर्यंत गाडी एकतर खाली मेलेली किंवा वर मेलेली. पाचवा लावला त्या रात्री चुलता गाडी घेऊन गेला तो पंधरा मिनिटांनी आला आणि काही न बोलता आबांच्या पाया पडला.

रेस शहराबाहेर, मुरमाच्या माळावर होती. आमचा तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली. ती अजून घरी आहे, रोज पाणी भरतो.

धागा काढणाऱ्या दादांना एक सांगतो. तुमच्या पिस्टनला मधोमध भोक आहे म्हणजे मिश्रण पातळ पडलं होतं, जेट लहान होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, मद्रास समुद्राला लागून. तिथली हवा दाट. पुण्याला बरोबर बसवलेला जेट तिथं कमी पडतो. त्यात रेसच्या गाडीचा जेट आधीच अगदी काठावर बसवलेला असतो. धावपट्टीवर लांब सरळ रस्ता, थ्रॉटल पूर्ण उघडा. तिथंच गेला असणार तो. अजून एक, पिस्टन उलटा करून आतून बघा. आमचे आबा प्रत्येक खराब पिस्टनच्या आत सुईनं कारण लिहून ठेवायचे. जुने मेस्त्री असं करायचे.

लालबागहून

आमच्याकडे बॅटरी नव्हती, आईचे कान होते.

वडील गिरणीत फिटर. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. चाळीच्या मागच्या बोळात त्यांनी गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. त्याच सुमारास राजदूत ३५० बाजारात आली. दोन सिलेंडर, ३४७ सीसी, यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली. गाडी पळायची जबरदस्त, पण पेट्रोल प्यायची तशीच, आणि घेणारे लोक वर्षभरात कंटाळून ती कोपऱ्यात लावायचे. वडिलांकडे अशा गाड्या येऊ लागल्या.

दोन सिलेंडर म्हणजे दोन कार्बोरेटर, आणि दोन्ही एकाच वेळी, एकसारखे उघडले पाहिजेत. नाहीतर एक बाजू ओढते आणि दुसरी फरफटते. वडिलांना गिरणीतल्या यंत्रांच्या आवाजानं कमी ऐकू यायचं. आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. तर वडील गाडी चालू करायचे, आई पदर खोचून दोन सायलेन्सरच्या मध्ये उकिडवी बसायची आणि हातानं खूण करायची. डावा वर. अजून. अजून थोडा. बस. दोन आवाजांचा एक आवाज झाला की तिचा हात खाली यायचा. तिला गाडीतलं दुसरं काहीही माहीत नव्हतं.

त्यातली एक गाडी एका गिऱ्हाइकानं शोलावरमला नेली. तो परत आला तेव्हा वडिलांसाठी पान्ह्यांचा सेट आणि आईसाठी कांजीवरमची साडी घेऊन आला. मला वाटतं, आईच्या कानांना आयुष्यात मिळालेली ती एकच पावती.

नागपूरहून

लिहू की नको असं झालं होतं, कारण आमच्या घरी रेसबिस काही नव्हती. फक्त येझदी. तिचा गिअर आणि किक एकाच दांडीवर असते, दांडी आत दाबून वर फिरवली की गिअरची किक होते. दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला ती शिकवली, तेव्हा शेजारच्या काकू घरी येऊन सांगून गेल्या की मुलीला काय शिकवता हे. बाबा म्हणाले, "तिलाच तर शिकवायचं आहे, मुलगा कुठे आहे मला?" त्यांना ते वाक्य नंतर लागलं असावं. रात्री जेवताना म्हणाले, "मुलगा असता तरी तुलाच शिकवली असती." बॅटरी मीच धरायचे.

इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंडहून

मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. आमचे हे साखर कारखान्यात टर्नर होते, ते गेल्यावर मुलीनं बोलावून घेतलं. इथे थंडी फार, दिवसभर घरात बसून जीव आंबतो. म्हणून जावई मला गावातल्या एका दुकानात घेऊन गेले. ई. हेज नावाचं हार्डवेअरचं दुकान, खिळेमोळे, पान्हे, रंग. आणि त्यातच मधे जुन्या मोटारसायकली मांडलेल्या. त्यांत बर्ट मन्रो यांची गाडी आहे.

हे गृहस्थ याच गावचे. १९२० साली त्यांनी इंडियन स्काउट ही गाडी नवी घेतली. तेव्हा ती ताशी नव्वद किलोमीटरच्या आतच पळायची. पुढची सगळी वर्षं ते तीच एक गाडी सुधारत राहिले. पिस्टन स्वतः ओतायचे, तेही जुन्या डब्यांचे साचे करून. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी हजार सीसीच्या आतल्या गाड्यांचा विक्रम केला. फुटलेले, जळलेले पिस्टन ते शेडमधल्या फळीवर मांडून ठेवायचे आणि त्या फळीवर लिहिलेलं होतं, वेगाच्या देवाला नैवेद्य. तुमच्या बाबांचा डबा वाचला आणि मला ती फळी आठवली.

जावयांनी पुढचं सांगितलं ते मला फार आवडलं. मन्रो १९७८ साली गेले. २०१४ साली त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की विक्रमाची सरासरी काढताना हिशेब चुकला होता. त्यानं पत्र लिहिलं, संघटनेनं तपासलं आणि आकडा दुरुस्त केला, १८४.०८७ मैल. म्हणजे ताशी २९६ किलोमीटर. वडील जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर मुलानं त्यांचा वेग वाढवून आणला.

आमच्याकडे बॅटरी मी धरायचे. ह्यांची राजदूत होती. त्या दुकानात मी बराच वेळ उभी होते. तेलाचा वास तोच आहे हो, जगात कुठेही जा.

नाशिकहून

सगळं वाचताना छान वाटतंय, पण माझ्या भावाचंही लिहिलं पाहिजे. त्याची शोगन मोटारसायकल आम्ही दोघांनीच बनवली होती. तो ट्रॅकवर कधी गेला नाही. रात्री हायवेवर पैजा लागायच्या. एका रात्री समोरून विनादिव्याचा ट्रॅक्टर आला. भाऊ वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गाडीला जोर देणारा सायलेन्सर मी बसवला होता, मी, आणि ब्रेक मात्र कंपनीचेच ठेवले होते. वीस वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

जी पोरं आज हे करताहेत त्यांना हात जोडून सांगतो, रस्त्यावर नको. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात, कोइमतूरला, इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहेत. अँब्युलन्स उभी असते. लांब पडतं, खर्च होतो, तरी तिकडेच जा. आणि इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेकला लावा.

भाऊ आता टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. संध्याकाळी शाळकरी पोरं येऊन बसतात. तो त्यांना कार्बोरेटर खोलून दाखवतो, आणि बॅटरी त्यांच्यातलाच एखादा धरतो.

धागा काढणाऱ्याकडून

नाशिकच्या दादांनो, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कोल्हापूरच्या दादांचं वाचून रात्रीच पिस्टन काढला. आत काजळी घट्ट बसली होती. रॉकेलच्या बोळ्यानं पुसत बसलो. बॅटरी माझ्या मुलीनं धरली. पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या गजन पिनच्या भोकाच्या वर, सुईनं खरवडलेली बाबांची अक्षरं आहेत: "मद्रास. हवा दाट. जेट लहान पडला. चूक माझी."

मग डबा सगळा पुन्हा वर्तमानपत्रावर ओतला. तळाशी कागदाची एक पुडी होती, दोऱ्यानं बांधलेली, कधी सोडलेलीच नव्हती. आत एकच जेट. नंबर बघितला. जावाच्या कार्बोरेटरमध्ये अजून बसलेला आहे त्यापेक्षा एकानं मोठा.