गुरामीला फिल्टर आणि झाकण
‘गुरामी मासा पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणजे टाकीला फिल्टर नको’ असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. कल्ल्यांच्या वर त्याला हवेतला ऑक्सिजन घेणारा लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी भागतं. पण विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून होणारा विषारी अमोनिया कुठे जाणार? फिल्टर हवाच, फक्त प्रवाह मंद ठेवा. जोराच्या धारेत नराने अंड्यांसाठी केलेलं फेसाचं घरटं टिकत नाही.

आता झाकणाचं. पुण्यात डिसेंबरात हीटरमुळे पाणी 26 अंशांवर आणि उघड्या टाकीवरची हवा गारठलेली, तीच गुरामी ओढतो. पिल्लांना तर हे फारच बाधतं. पाण्यावर दोनेक इंच जागा सोडून झाकण लावा, फट थोडी असू द्या. आमच्याकडे काचेला आतून दव धरतं, म्हणजे आतली हवा उबदार आहे.