माशांच्या खाद्यात लसूण-हळदीचा अर्क: आधी प्रमाण लिहा, मग विका

तळेकरी
शेततळ्यात रोहू-कटला, पंगस सोडणारे वाढले, तसे ‘हर्बल’ बाटल्या घेऊन बांधावर येणारेही वाढले. लसूण, हळद, कडुनिंब, अश्वगंधा, सगळं एकाच बाटलीत. रोग येणार नाही आणि वाढ दुप्पट, असं छातीठोक सांगतात. माझा अर्काला विरोध नाही. पण त्यात काम करणारा घटक किती टक्के, किलोभर खाद्याला किती मिली आणि किती दिवस द्यायचा, हे लेबलवर नसेल तर विक्री बंद करा. हळदीचंच बघा. तिच्यातला काम करणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. कुठल्या हळदीत तो २-३ टक्के, तर मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ७ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींवर नाव हळदीचंच! मग शेतकऱ्याने मोजायचं कशाने?

खाजणवाला
साफ असहमत. मी व्हेनामी जातीची कोळंबी करतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिक औषधांच्या मत्स्यशेतीतल्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे, आणि त्यांचा अंश सापडला म्हणून युरोपातून माल परत आलेला आहे. वाढीसाठी जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपने २००६ पासून थांबवलं. तुमच्या लेबलची वाट बघत बसलो तर घाबरलेला माणूस पुन्हा त्याच अँटिबायोटिकच्या पुड्यांकडे वळेल. त्यापेक्षा घरचा लसूण परवडला. पाकळ्या कच्च्याच ठेचायच्या, दहा मिनिटं तशाच ठेवायच्या, मग खाद्याला चोळून वरून माशाच्या तेलाचा हात द्यायचा आणि सावलीत वाळवायचं. तेल नसेल तर अर्क पाण्यातच उतरतो, कारण कोळंबी दाणा कुरतडत बसते. लसूण उकळून घालणाऱ्यांना मात्र हात जोडतो. ठेचल्यावर ॲलिसिन, म्हणजे लसणातलं काम करणारं द्रव्य, ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतं, ते उष्णतेने मरतं.

मत्स्यकन्या_रत्नागिरी
खाजणवाले दादा, कृती बरोबर आहे, पण तुमच्याच मुद्द्यावरून तळेकरींचं म्हणणं सिद्ध होतं. ठेचणं, उष्णता, तेल यांनी एवढा फरक पडत असेल तर बंद बाटलीत नेमकं काय उरलंय हे कळायलाच हवं.

वनस्पती-अर्कांनी माशांची उपजत प्रतिकारशक्ती वाढते, रक्तातलं जंतू मारणारं लायसोझाइम वाढतं, एरोमोनास या जिवाणूची लागण मुद्दाम करूनही जास्त मासे जगतात, असे निष्कर्ष पुष्कळ अभ्यासांत आहेत. मात्र यांतले बरेचसे प्रयोग स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत, काही आठवड्यांचे. पहाटे प्राणवायू अगदी कमी झालेल्या तळ्यात तोच आकडा मिळेल असं मानू नका.

आणि ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे तर कृपा करून म्हणू नका. बीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला आपण काय टाकतो? मोहाची पेंड, हेक्टरी २००० ते २५०० किलो. तिच्यातलं सॅपोनिन माशांना मारतं, म्हणून तर पुढचे दोन-तीन आठवडे बीज सोडत नाहीत. कडुनिंबाचा अर्कही जास्त झाला की माशांना बाधतो. प्रमाण हाच सगळा प्रश्न आहे.

उजनीकाठ
तुम्ही सगळेच मूळ सोडून बोलताय. खर्चाचा निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, त्यात आणखी बाटली कशाला? गर्दी कमी करा, चुना वेळेवर टाका, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू ठेवा. निम्मे रोग तिथेच थांबतात. पाणी नासलेलं असताना अर्क देणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं.

तळेकरी
उजनीकाठ, पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण पाणी सांभाळूनही पावसाळ्याच्या तोंडावर लाल चट्टे दिसायला लागले की माणूस हातावर हात ठेवून बसत नाही, काहीतरी विकत घेतोच. ते ‘काहीतरी’ तपासलेलं असावं, एवढीच मागणी आहे. विकणाऱ्याला मी एकच सांगतो: एका तळ्यात दे, शेजारच्यात देऊ नको, दोन्हींत एकाच गाडीतलं बीज टाकू. यावर कोणी तयार होत नाही.

खाजणवाला
ज्याच्याकडे एकच तळं आहे त्याने काय करायचं?

मत्स्यकन्या_रत्नागिरी
त्याच तळ्यात दोन हापे, म्हणजे जाळीचे कप्पे, बांधायचे. पाणी तेच, बीज तेच, खाद्य तेच, फक्त एका हाप्यात अर्क. दर पंधरवड्याला दोन्हींतले मासे तोलायचे आणि मेलेले मोजून वहीत लिहायचे. जाळीला शेवाळ धरतं, ती घासत राहा, नाहीतर आत पाणी खेळत नाही आणि तुलना फसते.

खाजणवाला
ताई, हाप्याचं पटलं, या हंगामात बांधतो. विक्रीबंदीला मात्र माझा विरोध कायम. प्रयोगशाळेचा खर्च मोठ्या कंपनीला झेपेल, पण गावात लसणाचा अर्क काढून विकणाऱ्या बचत गटाला तो कोण देणार, ते तळेकरींनी सांगावं.