अनुभव धागा : बडोद्याचं हवामान आणि छताचा खर्च

मे महिन्यात आपल्याकडे गच्ची भाजून निघते आणि जूनच्या पहिल्या सरीत एकदम गार पडते. स्लॅब फुगतो, आकसतो, केसाएवढ्या भेगा पडतात आणि जुलैत पाणी घरात येतं. यंदा आईच्या घराचं छत करायचंय. तुमच्याकडे काय बिघडलं, काम कधी काढलंत, पैसे कुठे जास्त गेले, ते सविस्तर लिहा.

कारेलीबाग
आमची अगाशी, म्हणजे गच्ची, ऑगस्ट २०२४ मध्ये गळायला लागली. विश्वामित्री नदी धोक्याच्या २६ फुटांवरून ३५ च्याही वर गेलेली. सगळे कडिये, म्हणजे गवंडी, पाणी शिरलेल्या घरांत अडकले होते. जो आला त्यानं दीडपट भाव सांगितला, वर ओल्या कोब्यावरच वॉटरप्रूफिंगचा हात मारायला निघाला! मी साफ नाही म्हटलं. ओलीवर थर धरत नाही. ऊन पडलं की आतली वाफ त्याला फुगवून काढते. तोवर ताडपत्रीवर भागवलं.

दिवाळीनंतर, छत वाळल्यावर काम काढलं. पोकळ वाजणारा जुना कोबा फोडला, पाइपाकडे उतार धरून भिजवलेल्या विटांच्या तुकड्यांचा नवा घातला, वर चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. मग आळी करून आठवडाभर पाणी साठवलं. थंडीत ते टिकतं, मे महिन्यात दुपारपर्यंत आटतं. जुन्या कोब्यावरच नवा टाकू नका, स्वस्त पडतो पण स्लॅबवर भार वाढतो. आणि राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, उचलायचे पैसे आधी ठरवून घ्या, आम्हाला तिथेच फटका बसला.

मकरपुरा
पत्र्याची शेड. नवे पत्रे घाला म्हणत होते. वर चढून पाहिलं तर पत्रे धड, गळती हुकांपाशी. उन्हानं वॉशर कडक होऊन चिरले होते. हुक आणि वॉशर बदलले, तेवढ्यावर निभावलं.

दांडिया बाजार
आमच्या कौलांना पावसाआधी उत्तरायण (संक्रांत) आणि वांदरं पुरून उरतात. पतंगासाठी पोरं चढली की फुटतातच. म्हणून कौलं चाळायचं काम आम्ही फेब्रुवारीत उरकतो, तेव्हा माणूस सहज मिळतो. खरा खर्च जुन्या मापाचं मंगलोरी कौल शोधण्याचा. दुसऱ्या मापाचं बसवलं तर सांध्यातून पाणी आत येतं आणि खालची रीप कुजते.

रावपुरा
दांडिया बाजारचे काका, आमचं घर उतरवलं तेव्हाची मंगलोरी कौलं मागच्या चौकात रचून ठेवलीत. तुमचं एक घेऊन या. माप जुळलं तर सगळी न्या, पैसे नकोत.