हातांच्या करामतीसाठी तरी परत बघा

लहानपणी डोक्यावर घेतलेला 'लॅबिरिंथ' (१९८६) हा सिनेमा आता पाहिला तर कथा अगदीच विस्कळीत वाटते आणि गाणीही खटकतात, ही तुमची तक्रार; कथेबद्दल सहमत. मधला भाग तर नुसते प्रसंग एकापुढे एक मांडल्यासारखा आहे. पण मी तो आता कथेसाठी बघतच नाही, हातांसाठी बघतो. नायिका सारा विहिरीसारख्या खोल भोकात पडते तो प्रसंग परत लावा. भिंतीतून आलेले हात तिला झेलतात, मग त्याच हातांची जुळवाजुळव होऊन डोळे-ओठ तयार होतात आणि ते चेहरे चक्क बोलू लागतात. ते चेहरे म्हणजे बाहुल्या नाहीतच, खरेखुरे माणसांचे हात!

सिनेमातला खलनायक झालेल्या गायक डेव्हिड बोवीच्या बोटांवर फिरणारे ते पारदर्शक गोळेही त्याची कमाल नव्हे. मायकेल मोशेन हा चेंडू-गोळे खेळवणारा कलाकार त्याच्या मागे दडून, हात पुढे काढून, न बघता ते फिरवत होता. हे कळल्यापासून माझी नजर बोवीच्या खांद्यावरच खिळलेली असते. आणि हॉगल, तो सिनेमातला बुटका! पोशाखाच्या आत एक अभिनेत्री, चेहरा मात्र बाहेरून रिमोटवर हलवणारे वेगळेच. तरी त्याचं ओशाळणं कित्येक नटांपेक्षा खरं वाटतं.

गाण्यांबद्दल काही बोलत नाही, तिथे तुमचंच बरोबर.