लावणीला रजा टाकून जायचंय, जून की जुलै?

पणजीची_नवखी: नमस्कार. डिचोलीकडच्या एका शेताची आम्ही बावीस घरं सभासद आहोत. मे महिन्यात हंगामाचे पैसे आगाऊ देतो, मग दर शनिवारी भाजी आणि दिवाळीनंतर तांदूळ येतो. पीक बुडालं तर तोटाही वाटून घ्यायचा, असं ठरलंय. यंदा चार दिवस रजा टाकून लावणीला जायचंय. अनुभव काहीच नाही. कधी जाऊ? आणि मी फुकट राबले तर गावातल्या बायकांची मजुरी बुडेल का?

खाजनकार: तारीख पावसावर. तरवा, म्हणजे भाताची रोपं, साधारण तीन आठवड्यांचा झाला की लावणी, म्हणून दाढ (रोपवाटिकेचा वाफा) कधी पेरली ते शेतावर विचारा. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, कोरगूट हा खारं सोसणारा भात असतो. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन जाईपर्यंत आम्हाला थांबावंच लागतं.

मयेची_काकी: बाय, मजुरीचा विचार तुझ्या मनात आला, बरं वाटलं. माझ्याकडे लावणीला पाच बायका ठरलेल्या आहेत. पाहुणे कितीही आले तरी त्यांचा एक दिवससुद्धा मी कमी करत नाही. पाहुणे त्यांच्याच ओळीत, त्यांच्या हाताखाली. तुमच्या शेतावर काय रीत आहे ते जाण्याआधी स्पष्ट विचार.

आता काम. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने मुळं चिखलात जेमतेम दाबायची आणि मागे मागे सरत जायचं. खोल खुपसू नको. दोन वर्षांमागे एका मुलाने अख्खा वाफा खोल लावला. रोपांना फुटवेच धरेनात. पोर मेहनती होतं, चूक माझी, मी शेजारी थांबायला हवं होतं.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नको. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. जाण्याआधी डॉक्टरांना गोळीचं विचार, आणि नंतर ताप आला तर शेतात होते हे त्यांना पहिल्यांदा सांग.

खरं सांगू? लावणीला माणसं मिळतात. बेणणीला, म्हणजे तण काढायला, मिळत नाहीत. लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी तण भातासारखंच दिसतं, वाकून एकेक काडी ओळखून उपटावी लागते, आणि गणेश चवथ जवळ आली की गावातले हात घरच्या कामात गुंततात. तेव्हा चार दिवस कोणी आलं तर माझा जीव भांड्यात पडतो.

खाजनकार: काकींशी सहमत. आमच्याकडे तर त्याच दिवसांत बांधावर नजर ठेवावी लागते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी नीट मिटली नाही तर भरतीचं खारं पाणी आत शिरतं.

पणजीची_नवखी: काकी, मग लावणीला एकच दिवस जाते, शिकायला. उरलेले तीन दिवस बेणणीसाठी राखते. तण आणि भात वेगळं कसं ओळखायचं?

मयेची_काकी: पान खोडापासून अलगद सोडवून सांध्यात बघ. भाताला तिथे पातळ पांढरी जीभ असते, पाखड या तणाला नसते. पहिल्या दिवशी शंभरदा चुकशील, उपटण्याआधी शेजारणीला दाखव.

पणजीची_नवखी: शनिवारी भाजी घ्यायला जाईन तेव्हा दाढ पेरल्याची तारीख आणि मजुरीचं, दोन्ही विचारते.