अनुभव धागा : गोष्टीच्या आत शिरल्यावर आपण कसे वागतो?

सूरसागर_काठ : काल भाचा मोबाईलवर पर्याय निवडत पुढे नेण्याची एक गोष्ट खेळत होता. जखमी शत्रूला पाणी द्यावे की नाही, यावर तो इतका अडला की वेळ संपून खेळानेच निर्णय घेतला, आणि मला डांडिया बाजारातल्या एका वाड्यात पाहिलेला प्रयोग आठवला. तेथे रंगमंच नव्हता, प्रेक्षक खोल्याखोल्यांतून फिरत आणि दिवाणजी झालेला नट एकेकाला गाठून विचारी, "मालकांना खरे सांगू का?" लोक मनापासून विचार करून उत्तर देत होते. आपलेही अनुभव लिहावेत.

कमाटीबाग_सकाळ : लेकीकडे न्यूयॉर्कला गेले असताना 'स्लीप नो मोअर' पाहिले होते. 'मॅकबेथ'वर आधारलेल्या त्या प्रयोगात प्रत्येक प्रेक्षकाला मुखवटा घालावा लागे आणि बोलण्यास मनाई असे. परक्या घरी पाणीसुद्धा मागून घेणारी माझी लेक तेथे खुशाल कपाटे उघडून पत्रे वाचत होती, तर बरेचसे लोक एखाद्या नटामागे जिने चढत-उतरत धावत होते. चेहरा झाकला की भीड जाते, हे मी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

रावपुरेकर : ताई, माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी घरी एकटाच खेळतो, पाहणारे कोणी नसते, तरीही खेळातल्या म्हातारीशी उद्धटपणे बोलणे मला जमत नाही. 'मास इफेक्ट' हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या चमूतील एकाने २०२० मध्ये सांगितले होते की सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाचाच मार्ग धरत. मला ते अगदी पटते.

मांडवीची_माई : सूरसागर, तो तुळशीवृंदावन असलेला वाडा का? कुकर लावला आहे, सविस्तर नंतर लिहिते.

नाट्यविभाग_वडोदरा : १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात 'किनोऑटोमॅट' नावाचा चेक चित्रपट दाखवला गेला, ज्यात प्रेक्षक बटण दाबून कथेचे पुढचे वळण ठरवत. कोणतीही वाट निवडली तरी कथा पुन्हा एकाच ठिकाणी येईल, अशी तिची रचना होती. ही क्लृप्ती मला कमी दर्जाची वाटत नाही, कारण शेवट एकच असला तरी निवड करताना माणूस पात्राची बाजू घेतो आणि पुढचा प्रसंग त्या नात्याने पाहतो. आमच्या तालमींत आणखी एक गोष्ट दिसते : भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला थेट प्रश्न विचारला तर तो हसून मागे सरकतो, पण त्याच्या हाती कंदील दिला किंवा एखादी चिठ्ठी पोचवायला सांगितली, तर थोड्याच वेळात तो आपणहून बोलू लागतो.

सूरसागर_काठ : होय माई, तोच वाडा. वृंदावनाजवळ बसलेल्या एका आजींना दिवाणजींनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी मालकांना जेवू दे, मग सांग." नटाने ते वाक्य तसेच उचलले आणि पुढचा सगळा प्रसंग माजघरात, पाटापाण्यासह झाला.